उलट नोंद



या सदरातून आपण आजवर मुदत ठेवी, वारसनोंद, जामीनकी, भागीदारीचे करारपत्र अशा विषयांचा विचार केला. मोटारीच्या इंजिनासंबंधी लिहिण्याचा प्रसंग माझ्यावर येईल असे कधी वाटले नव्हते. परंतु कार्तिकी पौर्णिमेनंतर रोह्याला बहिणीकडे जाणे झाले आणि तेथे विमा-अर्जातील एका रकान्यावरून जो विचार सुरू झाला, तो आपल्या घरांतील तरुणांच्या व वडीलधाऱ्यांच्याही उपयोगाचा वाटला, म्हणून येथे मांडीत आहे.

मला न्यायला भाचा पेणला आला होता. मेहुण्यांची रोह्यात भुसार मालाची पेढी आहे. गाडी त्या पेढीच्याच नावावर आणि बँकेच्या कर्जातून घेतलेली. इंजिन एक लिटरचे, तीन सिलिंडरचे, टर्बो पेट्रोल. वडखळ मागे टाकून आम्ही नागोठण्याच्या दिशेने निघालो तेव्हा पुढे टँकरांची रांग होती. भाच्याने समोरचा रस्ता मोकळा पाहिला, पाय किंचित दाबला आणि गाडी अशी सुटली की माझी पाठ आसनाला टेकली. खरे सांगायचे तर मला ते आवडले. साठी उलटली तरी वेगाचा आनंद मनुष्याला सोडीत नाही.

"ही गाडी पूर्वी अशी नव्हती," मी म्हणालो.

"मामा, मुंबईला नेऊन रिमॅप करून घेतली," तो उत्साहाने सांगू लागला. "आधी एअर फिल्टर बदलला, मग सायलेन्सरकडे जाणारा पाइप बदलला आणि शेवटी इंजिनच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलून घेतली. पस्तीस हजार लागले. बाहेरून बघणाऱ्याला काही कळतसुद्धा नाही."

हे शेवटचे वाक्य माझ्या मनात राहिले.

नागोठणे ओलांडून भिसे खिंड आली तेव्हा मात्र त्याने आपण होऊन वेग अगदी कमी केला. मी काही विचारण्यापूर्वीच म्हणाला, "विहार असला की पहाटे अंधारात आम्ही साध्वीजींबरोबर इथून चालतो. या वळणावर समोरचा येणारा दिसत नाही." आमचा भाचा विहारसेवेत आहे. अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट आणि हातात बॅटरी घेऊन पहाटे साधू-साध्वीजींच्या मागेपुढे चालणारा हा मुलगा बेफिकीर नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढील मजकूर एखाद्या उनाड मुलाविषयी आहे असा कोणाचा समज होऊ नये.

रात्री जेवण आटोपल्यावर त्याने विम्याचा अर्ज माझ्यापुढे ठेवला. विमा कंपनी बदलायची होती, म्हणून नवा प्रस्ताव भरायचा होता. "मामा, एकदा नजर घाला." अर्जात एक प्रश्न होता : वाहनाच्या मूळ रचनेत काही फेरफार केले आहेत काय? उत्तरादाखल भाच्याने 'नाही' या शब्दापुढे खूण केलेली होती.

मेहुण्यांना रिमॅपचे काही ठाऊक नव्हते. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "पोत्यावर चिठ्ठी एका मालाची आणि आत माल दुसरा, असं आपण दुकानात विकतो का?"

भाचा गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "पण बाबा, यात कोणाला फसवलंय? गाडी आपलीच आहे ना?"

प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याचे उत्तर रागावून देण्याजोगे नव्हते. त्यासाठी आधी ही वस्तू काय आहे हे समजून घेणे आवश्यक होते. त्या रात्री भाच्याकडून जे समजून घेतले आणि नंतर वाचून जे पडताळले, ते व्यापाऱ्याच्या भाषेत सांगतो.

आजच्या प्रत्येक मोटारीत इंजिनाचा कारभार पाहणारा एक लहान संगणक असतो. हवा किती घ्यायची, पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी कोणत्या क्षणी पाडायची, टर्बोचा दाब किती चढू द्यायचा, हे तो क्षणोक्षणी ठरवितो. त्यासाठी त्याच्या स्मृतीत आकड्यांचे तक्ते भरलेले असतात. एका बाजूस इंजिनाचे मिनिटाचे फेरे, दुसऱ्या बाजूस इंजिनावरील भार, आणि दोहोंच्या चौकटीत आकडा; अगदी आपल्या जुन्या व्याजकोष्टकासारखे. या तक्त्यांनाच इंग्रजीत मॅप म्हणतात, आणि ते बदलणे म्हणजे रिमॅप. पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंगखालच्या जोडणीला वायर लावून तासा-दोन तासांत हे काम होते.

टर्बो इंजिनात या बदलाचा परिणाम विशेष जाणवतो. सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने टर्बोचे चाक मिनिटाला लाखाहून अधिक वेळा फिरू शकते आणि ते इंजिनात हवा दाबून भरते. दाब थोडा वाढवू दिला, त्याच्या हिशेबाने पेट्रोल वाढविले, की एकही सुटा भाग न बदलता ताकद वाढते. भाच्याच्या गाडीला कारखान्याने ११० अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन-मीटर इतका पीळ दिला होता. गॅरेजवाल्याने १३० च्या पुढे अश्वशक्ती आणि २०० च्या पुढे न्यूटन-मीटर सांगितले.

मग कारखान्यानेच ही ताकद का दिली नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. याचे उत्तर आपल्यापैकी ज्यांनी बँकेकडून रोखपत कर्ज घेतले आहे त्यांना लगेच उमजेल. गोदामात १०० रुपयांचा माल असला तर बँक १०० रुपये देत नाही. ७५ देते आणि २५ मार्जिन राखते. भाव पडेल, माल भिजेल, गिऱ्हाईक पैसे थकवील, अशा दिवसांसाठी ते मार्जिन असते. कारखान्यानेही इंजिनात असेच मार्जिन ठेवलेले असते. कोणी हलके पेट्रोल भरील, कोणी तेल बदलायला उशीर करील, कोणी वैशाखाच्या उन्हात पाच माणसे आणि सामान घालून घाट चढेल. त्या सर्वांसाठी ते आहे. रिमॅप म्हणजे पुष्कळ अंशी हे मार्जिन उचलून वापरणे. बरे दिवस असेपर्यंत सारे सुरळीत चालते. मार्जिनची किंमत वाईट दिवशी कळते.

उदाहरण पेट्रोलचेच घ्या. आपल्याकडे पंपावर साधारण मिळणारे पेट्रोल पूर्वी ९१ ऑक्टेनचे असे, महागडे ९५ चे. इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये निवडक मोठ्या शहरांत आणले. ऑक्टेन कमी असेल तर दाबाखाली पेट्रोल ठिणगीपूर्वी किंवा भलत्या जागी पेटते आणि इंजिन आतून ठोकू लागते. हा ठोका ओळखणारा संवेदक गाडीत असतो आणि संगणक ठिणगीची वेळ मागे घेऊन इंजिन सांभाळतो. परंतु तक्ताच कडेला नेऊन ठेवलेला असेल तर सांभाळायला जागा उरत नाही. मुंबईत उंची पेट्रोलवर बसविलेला नकाशा गावाकडील पंपावरच्या साध्या पेट्रोलवर चालवायचा, तोही कोकणातील उष्म्यात, म्हणजे जोखीम वाढवणेच. कमी फेऱ्यांवर एकदम पाय दाबला तर लहान टर्बो इंजिनात अवेळी स्फोट होऊन पिस्टन फुटण्याचा संभव असतो. क्लच व गिअरपेटी यांनाही सहनशक्तीची मर्यादा असते. फोक्सवॅगन समूहाच्या कोरड्या क्लचच्या सात गिअरच्या स्वयंचलित पेटीची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे. इंजिनाचा आकडा वाढविणाऱ्याने या पेटीचा आकडाही विचारला पाहिजे.

आणि ब्रेक? ते तेच. टायर तेच. ताशी ८० किलोमीटरवरून वेग १०० वर गेला की गाडीतील गतिज ऊर्जा सव्वापट नव्हे, दीडपटीहून अधिक होते. १०० च्या वेगात मनुष्याने एक सेकंद उशिरा ब्रेक दाबला तर तेवढ्यात गाडी सुमारे २८ मीटर पुढे गेलेली असते. भिसे खिंडीतील त्या वळणावर २८ मीटर म्हणजे किती, हे भाच्याला मी सांगण्याची गरज नव्हती.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे तत्त्व ठामपणे मांडले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या फेरफाराबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा म्हणतो 'मालक', आणि आमच्या गाडीचा मालक भाचा नसून पेढी आहे. त्या पेढीत त्याच्या विधवा काकूही भागीदार आहेत. ज्या भागीदाराने गाडीचे चाकही हाती धरले नाही, त्याच्या शिरावर नकळत जबाबदारी येते.

कायद्याला सगळेच फेरफार अमान्य आहेत असे नाही. सीएनजीचा मान्यताप्राप्त संच बसविला की आपण पेणच्या परिवहन कार्यालयात जाऊन प्रमाणपत्रावर तशी नोंद करून घेतोच. बदल, परवानगी आणि नोंद, असा तो क्रम आहे. रिमॅपमध्ये पहिली पायरी असते. पुढच्या दोन नसतात.

भाच्याने दुसरा मुद्दा काढला. "मामा, पीयूसी पास आहे." पीयूसीची तपासणी गाडी जागेवर उभी असताना होते, भराने धावताना नव्हे. गाडी बाजारात येण्यापूर्वी तिच्या धुराची कसून परीक्षा होते. पुण्याची १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था अशा परीक्षांसाठी प्रसिद्ध आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेले भारत स्टेज ६ चे कडक निकष ती गाडी ज्या नकाशावर उत्तीर्ण झाली, तो नकाशाच आपण पुसला. सायलेन्सरकडे जाणाऱ्या मूळ पाइपात विषारी वायूंचे शमन करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर होता. बदललेल्या पाइपात तो नव्हता. तोंडाला मुहपत्ती लावून वायुकायिक जीवांचीही जयणा करणाऱ्या परंपरेतील आपण. त्या धुराचा विचार आपण करायचा नाही तर कोणी?

नकाशात लपविलेली गोष्ट किती महाग पडते याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्राशी जोडलेले आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले की फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतील संगणक परीक्षेची वेळ ओळखतो, तेवढ्यापुरता धूर कमी ठेवतो आणि रस्त्यावर आल्यावर तो सोडून देतो. कंपनीचा कारखाना आपल्या पुण्याजवळ चाकणला. भारतातील गाड्यांची तपासणी एआरएआयने केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी मिळून ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. दुरुस्ती मुख्यत्वे संगणकातील प्रणालीची होती. भारतात नियमभंग केल्याचे कंपनीने मान्य केले नाही. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. यातून घेण्याजोगे एवढेच, की नकाशा बदलणे हे मुळात पाप नव्हे. तेथे दोषही नकाशात होता आणि उपायही नकाशातच होता. लपविलेला नकाशा हा दोष. तपासून, जाहीर करून बदललेला नकाशा हा उपाय.

रिमॅप करणारे एक काम न चुकता करतात, आणि ते ऐकून मी चमकलो. फाइलमधील सर्व आकड्यांवरून काढलेली एक पडताळणी-बेरीज संगणक तपासतो. ती जुळली नाही तर फाइल स्वीकारीत नाही. म्हणून तक्ते बदलल्यावर ही बेरीजही नव्याने जुळवून दिली जाते. बँकेत आयुष्य घालविलेल्या मनुष्याला यावर हसावे की रडावे कळेना. बेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा असे नव्हे, हे पेणकरांना तरी सांगायला नको. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, बनावट कर्जखात्यांचा प्रकार उजेडात आला, आणि कष्टाची ठेव ठेवणारी किती कुटुंबे हवालदिल झाली हे आपण डोळ्यांनी पाहिले. त्या ताळेबंदांच्या बेरजाही जुळलेल्याच असत.

विमा हा परम सद्भावाचा करार आहे. गाडीविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते कंपनीला ठाऊक नसते. ती आपल्या शब्दावर हप्ता ठरविते. खोट्या उत्तरावर घेतलेल्या विम्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडचणीत येऊ शकतो. कर्ज देणाऱ्या बँकेकडे गाडी तारण असते, म्हणजे तीही अंधारात. उद्या गाडी विकली तर घेणाराही अंधारात. "यात कोणाला फसवलंय?" या प्रश्नाचे उत्तर असे एकेक करून बोटांवर मोजता येते.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन, हा एक; आणि प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे अस्सल म्हणून नक्कल किंवा भेसळीचा माल देणे, हा दुसरा. मेहुण्यांनी पोते आणि चिठ्ठी यांचा दाखला दिला तो याच अतिचाराचा. त्यांनी सूत्र आठवून तो दिला नव्हता. गल्ल्यावर बसून दिला होता.

"मग मी मूळ फाइल परत टाकून घेतो," भाचा म्हणाला. "गॅरेजवाल्याकडे ती ठेवलेली आहे. म्हणजे प्रश्नच मिटला."

येथे मी त्याला थांबविले. बँकेत चुकीची नोंद झाली तर ती खोडायची नसते. खोडाखोड हा चुकीहून मोठा गुन्हा. उलट नोंद करायची, तिच्यापुढे कारण लिहायचे आणि सही करायची. चूकही वहीत राहते, दुरुस्तीही राहते, आणि पाहणाऱ्याला दोन्ही दिसतात. पुष्कळ गाड्यांचे संगणकही फाइल बदलल्याची खूण आपल्यापाशी ठेवतात. सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी मूळ फाइल टाकून काही घडलेच नाही असे दाखविणे ही खोडाखोडच. आपले प्रतिक्रमणही मागे फिरण्यापुरते नसते. त्यात आलोचना आहे. जे घडले ते उच्चारावे लागते.

भाच्याने तसेच केले. मूळ फाइल परत घातली, मूळ पाइप बसविला, गॅरेजकडून तशी तारखेची पावती घेतली. विमा-अर्जाला एक पत्र जोडले : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत हे फेरफार होते, आता वाहन मूळ स्थितीत आहे, हवी तर तपासणी करावी. मसुदा मी केला, परंतु सही पेढीच्या वतीने मेहुण्यांनी केली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येही त्याने विचारण्याआधीच सांगितले. त्यांनी नोंद घेतली. इंजिनाची वॉरंटी पुढे चालू राहील की नाही, हे अद्याप कळविलेले नाही. पस्तीस हजार गेले. वॉरंटीही कदाचित जाईल. खरे बोलण्याचा लगेच लाभ झाला असे लिहिता आले असते तर लेख गोड झाला असता. पण तसे झालेले नाही.

घराघरांतील वडीलधाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे. मुलांच्या गाडीच्या वेडाला नावे ठेवू नका. त्यातले यांत्रिक ज्ञान पुष्कळदा खरे असते. त्यांना चार प्रश्न विचारा : गाडी कोणाच्या नावावर आहे? केलेला बदल नोंदणी प्रमाणपत्रावर चढविता येईल काय? विमा कंपनीला आणि कर्ज देणाऱ्या बँकेला तो कळविला आहे काय? आणि वाढलेल्या ताकदीसाठी ब्रेक, टायर, क्लच पुरेसे आहेत काय? एकाही प्रश्नाचे उत्तर दबक्या आवाजात आले, तर तो बदल करू नये. ज्यांना वेगाचीच हौस आहे, त्यांनी बंदिस्त शर्यतमार्गावर रीतसर जाऊन ती भागवावी. रस्ता सर्वांचा आहे, आणि त्यावर अनवाणी चालणारेही आहेत.

परतताना भाच्यानेच मला पेणला सोडले. नागोठण्याच्या अलीकडे पुन्हा टँकर आडवे आले. रस्ता मोकळा होईपर्यंत आम्ही त्यांच्या मागे बराच वेळ होतो. भाचा मला येत्या आठवड्यातील विहाराचे मुक्काम सांगत होता.

लिहिण्यात काही अविनय झाला असल्यास मिच्छा मि दुक्कडं. जय जिनेंद्र.